वाजवून घेतलेलं चाक

आमच्या वीज कार्यालयात कुणी पत्ता विचारला तर बाकीचे लोक नाका, शाळा, पाण्याची टाकी अशी खूण सांगत. आमचे जुने मीटर रीडर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते ग्राइंडर सांगत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कामतघरचा एक पत्ता दिला तो असा: "हिरव्या ग्राइंडरच्या गल्लीत शिर. पुढं फुटक्या बुडाचा लागंल. त्याच्या समोरचा कारखाना." मी दीड तास भटकले. ग्राइंडर म्हणजे मिक्सर असा माझा समज, आणि भर गल्लीत हिरवा मिक्सर कुणी मांडून ठेवला असेल ते मला काही सापडेना. परत आल्यावर कळलं की काकांचे ग्राइंडर कारखान्यांच्या आत, पार मागच्या कोपऱ्यात असतात, रस्त्यावरून दिसतच नाहीत. ते मला सांगायला हवं होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझे वडील याच खात्यात होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मीटर रीडिंगच्या कामाला बाई म्हटल्यावर साहेबांनाच घाम फुटला. शेवटी त्यांनी मला काकांच्या गळ्यात बांधलं. काका माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत म्हणाले, "ही चप्पल चालायची न्हाय, बाय. कारखान्यात तेल असतंय खाली." एवढंच माझं प्रशिक्षण.

काका मूळचे अंजूरचे, भातशेतीच्या घरातले. नोकरीमुळे कामतघरला दोन खोल्या घेऊन राहिलेले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी भिवंडीतल्या मागांच्या कारखान्यांची मीटरं वाचली. अशा प्रत्येक कारखान्यात फिटरचं एक टेबल असतं आणि त्या टेबलाला बोल्टने आवळलेला एक बेंच ग्राइंडर: मधे मोटर, दोन्ही अंगांना एकेक दगडी चाक. छिन्नी, ड्रिल, मागाच्या धोट्याचं लोखंडी टोक, ज्याला धार किंवा आकार द्यायचा ते त्या फिरत्या चाकाला टेकवायचं. उत्तरेकडचे कारीगर त्याला सान म्हणतात. आपण कारखान्यात शिरलो की आपल्याला माग दिसतात. काकांना कोपऱ्यातलं हे दोन चाकांचं यंत्र दिसे. "मीटर बघायला मला खातं पाठवतंय, ग्राइंडर मी माज्या हौसेनं बघतो," असं ते म्हणत. त्यांच्या खिशात पेन नसे, खिळा असे. रीडिंग माझ्या पेनाने लिहायचं आणि फिटरचं लक्ष नसताना खिळ्याने ग्राइंडरचा रंग खरवडायचा, खाली अजून किती थर आहेत ते बघायला.

पुढे कारखाने बंद पडायला लागले. माग तोडून भंगारात जाऊ लागले आणि त्या जागी गोदामं उठली. तोवर काका निवृत्त झाले होते आणि मी रीडिंग सोडून बिलाच्या खिडकीत बसत होते. भंगारवाल्यांना एक कोडं पडायचं. आपला टेम्पो पोचायच्या आधीच हा म्हातारा दारात कसा हजर? काकांची युक्ती साधी होती. ते चहावाल्याच्या किटलीवर लक्ष ठेवत. ज्या कारखान्यासमोर किटली थांबायची बंद झाली, तिथले कारीगर गावी गेले, आणि कारीगर गेले की माग महिन्याभरात तुटणार. आत कोणता ग्राइंडर आहे ते तर काकांना तोंडपाठ. ते एक गोणपाट आणि नट सोडवायचे दोन पाने घेऊन उभे राहत आणि मालकाला सांगत, "माग न्या कुठं न्यायचे ते. कोपऱ्यातला तेवढा मला द्या."

यंत्र हाती आलं की ते आधी त्याला उलटं करत. वरची पाटी बघायचीच नाही. "पाटी कुनीबी बदलतंय. बुडाला कोन हात लावत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बुडाच्या ओतकामात कारखान्याचे आकडे असतात, पायांची घडण असते, बोल्टाचे आटे इंचाचे की मिलिमीटरचे ते कळतं, आणि त्यावरून ते यंत्र पंजाबकडचं, मद्रासकडचं की विलायती ते काका सांगत. ही खोड पुढे इतकी वाढली की आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझा मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि आईचं शिलाई मशीन एकामागोमाग एक उलटं केलं. शिलाई मशीनमधून तेल गळून आईच्या चादरीवर पडलं. त्यानंतर काका येणार म्हटलं की आई चादर काढून ठेवायची. काका जाऊन आता दोन वर्षं होत आली, तरी कुणी नवी वस्तू दाखवली की माझा हात आधी तिच्या बुडाकडे जातो. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

रंगाच्या बाबतीत ते हट्टी होते. ग्राइंडर घासलेटात भिजवून, तारेच्या ब्रशने घासून उघडा केला की तो मूळ ज्या रंगाचा होता त्याच रंगात परत गेला पाहिजे. मूळ रंग कुठे मिळतो? पाटीच्या मागे, नाहीतर स्क्रूच्या डोक्याखाली. तिथे ऊन लागत नाही आणि दुसऱ्याचा ब्रश पोचत नाही. तो रुपयाएवढा ठिपका बघून काका स्वतः रंग कालवत आणि काकीच्या डब्यांवर लावून बघत. काकीच्या फळीवर पिठाचा डबा अर्धा फिका हिरवा, अर्धा गडद हिरवा होता आणि साखरेच्या डब्याला सात राखाडी पट्टे होते. "लोकांच्या घरी डब्यांवर नावं असतात," काकी म्हणायची, "माज्याकडं मशीनी हायत."

शिकवायची त्यांची रीत मात्र भयंकर. एकदा मी त्यांच्या ओटीवर बसून डावीकडच्या चाकाचा नट सोडवायला घेतला. जोर लावला, मग पान्याला नळीचा तुकडा लावून जोर लावला, मग पाय लावला. काका शेजारी बसून वाटाणे खात होते. अर्ध्या तासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते म्हणाले, "तू सोडवत न्हायस, बाय. आवलतेस." डावीकडचे आटे उलटे असतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून तसे केलेले असतात. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी चिडून विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं: "सांगितलं असतं तर तू इसरली असतीस." आणि ते खरंच आहे. आजही मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी डावीकडचे आटे सांगेन.

दुरुस्त झालेल्या यंत्राची परीक्षा चहावर व्हायची. काकी कप आणून ठेवायची. काका यंत्र भर वेगात आणून बटण बंद करायचे आणि चहा प्यायला लागायचे. कप संपेपर्यंत चाकं आपल्या वेगात फिरत राहिली तर बेअरिंग पास. आधी थांबली तर कप तसाच खाली ठेवून काका पुन्हा सगळं खोलायचे. त्यामुळे काकांनी आयुष्यात गरम चहा पुरता प्यायलाय तो मोजक्याच वेळा. चाकं थांबेपर्यंत त्यांचा डावा तळवा मोटरच्या अंगावर असे, डोळे अर्धवट मिटलेले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात. मला वाटायचं, मायेने ठेवतात.

इथे भिवंडीची एक गोष्ट सांगायला हवी. मागांच्या कारखान्यात बोलून काही ऐकू येत नाही. वीस-पंचवीस माग एकदम चालू असले की माणूस कानाशी ओरडला तरी फक्त त्याचे दात दिसतात. म्हणून तिथे सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात. मूठ गोल फिरवली की मीटरवाला आला. बोटाने गळ्याखाली रेघ मारली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. काका ही भाषा कारीगरांच्याही वर बोलत. कारखान्याच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या मालकाशी त्याच्या मुलीच्या लग्नाची पूर्ण चौकशी करत, एक शब्द न उच्चारता. रस्त्यावरही तेच. कल्याण नाक्यावर गाड्यांच्या गोंगाटात पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस काय म्हणतोय ते काका वाचून सांगत. आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. त्या कौतुकाच्या आड दुसरं काही असेल, असं आम्हा कुणाच्या मनात आलं नाही.

बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी एका गोष्टीत काका देवाची शपथ घेतल्यासारखे वागत, ती म्हणजे चाक वाजवून घेणं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी एका कारखान्यात चाक फुटलेलं पाहिलं होतं. तडा गेलेलं दगडी चाक उभं असताना साधं दिसतं. भर वेगात फिरताना ते फुटलं की तुकडे गोळीसारखे सुटतात. समोरच्या फिटरचा एक डोळा गेला. "मी मीटरचा आकडा लिवत व्हतो," काका सांगायचे. "चारपतुर लिवला, पाचवा आकडा लिवायचा ऱ्हायला." तेव्हापासून यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ते प्रत्येक चाक मोकळं करून बोटात अडकवत आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने दोन-तीन जागी हलकेच ठोकत. चांगलं चाक घंटेसारखं खणखणतं. तडा असलेलं थप्प करतं. "माठ घेताना वाजवून घेतेस ना? तसंच," त्यांनी मला सांगितलं होतं. थप्प वाजलेलं चाक ते फेकत नसत. हातोड्याने त्याचे चार तुकडे करत, म्हणजे भंगारातून उचलून कुणी परत लावायला नको.

मग ते घेणाऱ्याला उभं करून शिकवत: चालू करताना समोर राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, मिनिटभर फिरू द्यायचं, चष्मा लावायचा. जो हसला त्याला यंत्र मिळत नसे. इतका काटेकोर माणूस, पण एक वेड होतं. त्यांना जुनी चाकंच आवडत. यंत्राबरोबर आलेलं चाक शाबूत असेल तर ते नवं लावू देत नसत. "असा दगड आता बनत न्हाय," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, नवी चाकं स्वस्त आहेत आणि निर्धोक आहेत. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता शेठची गोष्ट. शेठ म्हणजे कामतघरच्या मागे ज्यांचा चाळीस मागांचा कारखाना होता ते. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत व्यापार केलेल्या घराण्यातले, काकांच्याच वयाचे. माग विकून त्यांनी अर्ध्या जागेत खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं काम सुरू केलं होतं. त्यांनी काकांना बोलावलं तेव्हा सुट्टी होती म्हणून मीही गेले.

"या, रीडिंगवाले, या!" शेठ दारातूनच ओरडले. "मीटर तो कट गया, आता काय वाचायला आलात?"

"तुमचा कोपरा," काका म्हणाले.

कोपऱ्यातला ग्राइंडर रंगाच्या थरांखाली भोपळ्यासारखा सुजला होता. वर पंजाबकडची पाटी. काकांनी तो दोन्ही हातांनी उलटा केला, बुडावरून बोट फिरवलं, मग अंगठ्याने, मग खिळ्याने. वंगणाच्या छोट्या वाट्या बघितल्या, सुताने विणलेली वायर बघितली. बराच वेळ गेला.

"शेठ, पाटी खोटी हाय. ह्ये बूड विलायतेचं हाय. कुनीतरी मागाहून दुसरी पाटी ठोकलीय."

शेठचा चेहरा एकदम बदलला. "अब्बा सांगायचे, बोटीतून आलंय म्हणून. आम्ही सगळे भाऊ त्यांना हसायचो." मग ते म्हणाले, "रीडिंगवाले, हे नीट करून द्या. मी स्वतः याच्यावर काम करणार."

काकांनी त्या यंत्राला तीन आठवडे दिले. मोटरची गुंडाळी नवी भरली, वाट्या घासून काढल्या, पाटीमागचा काळपट निळा रंग मिळवला. काकीचा डाळीचा डबा निळा झाला. उजवं चाक झिजून गेलं होतं म्हणून ते नाइलाजाने नवं घेतलं. डावं मात्र जुनंच ठेवलं. रविवारी शेठकडे न्यायच्या आधी त्यांनी ते बोटात अडकवलं आणि मुठीने ठोकलं.

थप्प.

"ऐकलंस?" काका हसून म्हणाले. "कसं गातंय!"

मी ऐकलं होतं. पण ज्या माणसाने मला ते ऐकायला शिकवलं, त्यालाच तुमचं चुकतंय कसं म्हणायचं? मला वाटलं, माझाच कान कच्चा. मी मान हलवली. चाक चढलं, टेम्पो आला, ग्राइंडर गेला. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी खिडकीत बसून माझं कामात लक्ष लागेना. उन्हाळा होता, कार्यालयाबाहेर माठवाला बसला होता. जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन एकेक माठ बोटाने वाजवायला लागले. चौथा माठ थप्प वाजला. माठवाल्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "हा नको ताई, तडकलाय. झाडं लावायला न्या." तो अगदी तोच आवाज होता. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि रिक्षा करून काकांकडे गेले.

काकी बाजारात गेली होती. काका ओटीवर दाराकडे पाठ करून बेअरिंग पुसत होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले. "काका, शेठचं चाक तडकलेलं आहे." ते पुसत राहिले. मी आवाज चढवला, "काका, ते चाक फुटेल!" शेजारची बाई खिडकीत आली. काका पुसतच राहिले. मग माझी सावली बेअरिंगवर पडली आणि ते वळले, तोंडभर हसले. "आलीस कवा?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. आधी ते भडकले. मला शिकवतेस काय, म्हणाले. मग फळीवरचं एक चांगलं चाक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. ते तसेच उभे. "वाजवलंस?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कुठे मला तो मोटरवरचा तळवा कळला. इतके दिवस ते हाताने ऐकत होते. बोटातल्या कंपावरून त्यांना आठवणीतला आवाज ऐकू येत होता. दगडी चाक तडकलेलं असलं तरी बोटात थोडं थरथरतंच.

काकांनी चप्पल घातली नाही. आम्ही तसेच निघालो.

शेठ चष्मा लावून ग्राइंडरसमोर उभे होते, हातात छिन्नी, बोट बटणाकडे. काकांनी धावत जाऊन वायर खेचली. काका म्हणाले, "नवं चाक आलंय. ते लावू." शेठ हसले, "अरे, कल ही तो दिलं! मस्त चालतंय." काकांनी दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाले, "शेठ, माजा कान गेलाय. मला चाक ऐकू आलं न्हाय. ह्ये तडकलेलं हाय."

मी चाक मोकळं करून वाजवलं. शेठने मान पुढे करून डावा कान लावला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी आपल्या उजव्या कानावर हात ठेवला आणि तो हात झाडला, कारखान्यात माग बंद पडला की झाडतात तसा. "माझा हा जाऊन जमाना झाला. तुमचा कुठला?"

"दोनी."

वर्षानुवर्षं ते दोघं एकमेकांचे ओठ वाचत होते, आणि दोघांना वाटत होतं की आपण गप्पा मारतोय. मला हसूही आलं आणि रडूही आलं. काकांनी ते चाक जमिनीवर ठेवून हातोड्याने फोडलं. मग त्यांनी बोटं मोजायला घेतली. ऐकू येईनासं झालं त्या गेल्या तीन वर्षांत त्यांनी दुसऱ्यांना दिलेले ग्राइंडर शेठचा धरून अकरा होते. कुठलं यंत्र कुणाकडे, त्यावर कोणतं चाक, सगळं डोक्यात.

"उद्यापासून जाऊ," मी म्हटलं.

"आज," काका म्हणाले.

नाव हीच त्यांची कमाई होती. भिवंडीत कुणी 'रीडिंगवाल्या चाचाकडचा ग्राइंडर आहे' म्हटलं की पुढचा माणूस प्रश्न विचारत नसे. ते नाव त्यांनी दोन दिवसांत दारोदार जाऊन स्वतःच्या हाताने पुसायला घेतलं. रिक्षातून उतरायचं, आत जायचं आणि मालकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "माजा कान गेलाय. मी दिलेलं चाक बंद करा. ही बाय वाजवून बघंल." काही आडपडदा नाही, वयाची सबब नाही. अंजूरच्या शेतकऱ्याने पाणी दिलं आणि निमूट यंत्र बंद केलं. दुसरीकडे लोक हसले. एकाने विचारलं, मग आधीची पण सगळी अशीच दिलीत का? काका म्हणाले, "तवा ऐकू येत व्हतं." त्यांचा चेहरा उन्हाने नव्हे, दुसऱ्याच कशाने तरी काळवंडला होता.

कशेळीला गोदामाच्या मागे एक मोठं वर्कशॉप होतं. तिथला सुपरवायझर ऐकेना. शिफ्ट चालू आहे, संध्याकाळी या, म्हणाला. ग्राइंडरवर एक माणूस वाकून काम करत होता. काका सरळ भिंतीवरच्या बोर्डापाशी गेले, फ्यूज उपटला आणि पँटच्या खिशात घातला. ज्याने उभा जन्म वीज खात्यात काढला त्याला फ्यूज कुठला ते शोधावं लागत नाही. आरडाओरडा झाला. मी चाक काढलं आणि वाजवलं. ते खणखणीत वाजलं. सुपरवायझरने काकांना सगळ्यांदेखत बहिरा, पागल बुढ्ढा म्हटलं. काकांनी ते त्याच्या ओठांवरून नीट वाचलं. फ्यूज परत बसवला आणि म्हणाले, "बरं झालं. चांगलं हाय." आणि ते खरोखरच खूश होते.

शेठचा सोडून दहाही ग्राइंडरची चाकं खणखणली. परतीच्या रिक्षात काका पहिल्यांदा मागे टेकून बसले. कामतघरला उतरलो तेव्हा माझे पाय दुखत होते, पण मन हलकं झालं होतं.

घराच्या पायरीवर पाय ठेवला आणि मला मागच्या दारी चाकाचा आवाज आला. काकांना अर्थात आला नाही. ते खाली वाकून पाय धूत होते.

मी धावले. मागच्या दारी काकी ग्राइंडरसमोर उभी राहून मासे कापायच्या कोयत्याला धार लावत होती. तो ग्राइंडर काकांनी दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठीच बसवला होता. अकराच्या मोजणीत तो नव्हता, कारण तो कुणाला दिलेला नव्हता. मी बटण बंद केलं आणि चाकं थांबेपर्यंत काकीला दंडाला धरून बाजूला उभी ठेवली. मग चाक सोडवलं. काका दारात येऊन उभे राहिले होते. मी वाजवलं.

काका चाकाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काही सांगावं लागलं नाही.

त्यांनी हातोडा घेतला, पण हात वर उचलवेना. काकीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि दोन घावांत चाकाचे तुकडे केले. पदराने हात पुसले. कान गेल्याची बातमी शेठच्या घरून तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, हे तिच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

"सगल्या भिवंडीला सांगून आलात," ती म्हणाली. "मला कवा सांगनार व्हतात?"

काकांना दोन दिवस दहा दारांत जे घडाघडा बोलता आलं होतं, ते इथे बोलताना दोनदा थांबावं लागलं.

"माजा कान गेलाय."

"ठावं हाय," काकी म्हणाली. "तीन वरसं मी तुमच्या पुढ्यात येऊनच बोलतंय, अवो."